सहनाविक मेळावे

सहनाविक मेळावे : एकाच युद्धनौकेवर, पाणबुडीवर किंवा एकाच प्रशिक्षण-तुकडीत सेवा केलेल्या माजी नौसैनिकांचे ठराविक दिवशी, बहुधा वर्षातून एकदा, भरणारे संमेलन. भूदलातील पलटणींच्या मेळाव्यांशी त्याचे बाह्य साम्य असले, तरी त्याची घडण वेगळी आहे. पलटण टिकते आणि शिपाई निवृत्त होतो. नौदलात मात्र नौका काही दशकांत सेवामुक्त होऊन मोडीत निघते आणि तिच्यावरील तरुण नाविक तिच्यानंतरही कितीतरी वर्षे हयात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या निवृत्त जवानास बेळगाव येथील रेजिमेंटच्या केंद्रात जाता येते. तेथे त्याच्या पलटणीची परंपरा आणि नवे रंगरूट दोन्ही भेटतात. माजी नाविकास परतून जाण्याचे असे ठिकाण क्वचितच उरते. त्याच्या बाबतीत मेळावा हेच नौकेचे अखेरचे रूप असते.

मेळाव्यासाठी सामान्यतः नौका नौदलात दाखल झाल्याचा दिवस निवडतात. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेल्या नौकांचे नाविक ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास जमतात. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर केलेल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ हा दिन पाळतात. बुडालेल्या नौकेच्या बाबतीत तिच्या नाशाचा दिवस हाच मेळाव्याचा दिवस होतो आणि मग संमेलनाचे स्वरूपही पालटते.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिंदी नाविक दलातील नाविकांचा मोठा भरणा रत्नागिरी किनाऱ्यावरील, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांतील असे. एकाच बंदरपट्टीतील माणसे एकाच नौकेवर असत. रजेवर आलेला नाविक आपल्या सहकाऱ्यास गावच्या धक्क्यावर भेटे. त्यासाठी वेगळे संमेलन भरविण्याचे कारण नव्हते. १९३९ नंतर युद्धाच्या गरजेमुळे नाविक दल अनेक पटींनी वाढले. भरती साऱ्या देशातून होऊ लागली आणि ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता असे तरुण डेकवर आले. पंजाबी, तमिळ, बंगाली, मल्याळी व मराठी नाविक एकाच मेसडेकवर शेजारी शेजारी झोपू लागले. बदलीचा हुकूम आला, की हे शेजारी देशाच्या चार कोपऱ्यांत पांगत. भूदलातील अनेक पलटणींप्रमाणे नौदलाची भरती प्रदेशवार वा जातवार नसल्याने निवृत्तीनंतर सहनाविक एकमेकांच्या गावापासून हजार कोसांवर असतात. मेळाव्याची गरज या विखुरण्यातून निर्माण झाली.

पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहेत. येथून समुद्र दिसत नाही. वरंधा घाट उतरून महाडकडे गेल्यावर कोकण लागते. तथापि सागरी सत्तेच्या इतिहासाशी या डोंगरांचा संबंध जुना आहे. मराठ्यांच्या आरमाराची उभारणी झाली आणि १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा शिवाजी महाराजांची राजधानी वेल्ह्यातील राजगडावर होती. आधुनिक नौदलाच्याही दोन महत्त्वाच्या संस्था याच सह्याद्रीच्या आश्रयाने उभ्या आहेत : नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षणाचे केंद्र असलेली लोणावळ्याची ‘आयएनएस शिवाजी’ (स्थापना १५ फेब्रुवारी १९४५) आणि खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यंत्रशाखेच्या नाविकाची खरी ओळख ‘शिवाजी’वर होते, ती डोंगरातल्या धुक्यात, समुद्राशी त्याची गाठ नंतर पडते. घाटमाथ्यावरच्या तरुणाला निदान एवढा भाग परका वाटत नसावा.

स्वरूप व व्यवस्था : मेळाव्याचा कणा म्हणजे यादी. सेवेच्या काळातील पत्ते लवकरच निरुपयोगी होतात. नाविक तुलनेने तरुण वयात निवृत्त होतो, दुसरी नोकरी धरतो, घर बदलतो. त्यामुळे कोणीतरी एक जण, बहुधा लेखनिक वा संदेशवहन शाखेतला, वह्या, पोस्टकार्डे आणि दूरध्वनी यांच्या साहाय्याने नावे गोळा करीत राहतो. अलीकडे हे काम भ्रमणध्वनीवरील गटांनी सोपे केले आहे. मात्र जे वृद्ध नाविक हे साधन वापरीत नाहीत ते यादीतून नकळत गळतात, हा त्याचा तोटा आहे.

कार्यक्रमाचा क्रम सर्वत्र थोड्याफार फरकाने सारखा असतो. ध्वजवंदन, वर्षभरात निधन पावलेल्यांची नावे वाचून पाळलेली स्तब्धता, नौकेच्या मुद्राचिन्हाचे किंवा छायाचित्राचे पूजन वा अभिवादन, जुन्या कप्तानाचे चार शब्द आणि शेवटी बडाखाना. बडाखाना म्हणजे हुद्द्याचा भेद बाजूस ठेवून सर्वांनी एकत्र घेतलेले भोजन. भारतीय सेनादलांतील हा रिवाज मेळाव्यांनी जसाच्या तसा उचलला आहे. बोलणे चालते ते मेसडेकच्या हिंदीत. मराठी, मल्याळी व पंजाबी घरांत चाळीस वर्षे न वापरलेली ही भाषा त्या दिवशी अडखळत का होईना, परत येते. संबोधनेही जुनीच राहतात : नातवंडे असलेल्या गृहस्थासही ‘चीफ’ किंवा ‘पीओ’ अशीच हाक पडते आणि कप्तान मात्र ‘सर’च राहतो.

हा हुद्द्याचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अधिकाऱ्यांच्या निवृत्तोत्तर संघटना आणि नाविकांच्या संघटना बव्हंशी वेगळ्या आहेत. अधिकारी आपल्या प्रबोधिनीतील तुकडीसह भेटतात, तर नाविक आपल्या भरती-तुकडीसह किंवा शाखेसह भेटतात. नौका ज्यांनी मिळून चालविली ते दोन्ही वर्ग एका छताखाली येतात ते मुख्यतः नौकेच्या नावाने भरणाऱ्या मेळाव्यातच. म्हणून इतर सर्व प्रकारांपेक्षा हा प्रकार अधिक मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंजिनघरात नेमके काय झाले हे पुलावरच्या अधिकाऱ्यास आणि पुलावर कोणता निर्णय झाला हे इंजिनघरातल्या नाविकास अनेकदा पहिल्यांदा येथेच कळते.

नौका आणि त्यांचे नाविक : नौका सेवामुक्त होते तेव्हा सूर्यास्तास तिचा ध्वज उतरवितात. या समारंभास पूर्वीचे कप्तान व नाविक यांना बोलावण्याची प्रथा असून तो त्या नौकेचा सर्वांत मोठा मेळावा ठरतो. विमानवाहू ‘विराट’ ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत सेवामुक्त झाली. ती मूळची ब्रिटिश ‘हर्मीझ’. त्या वेळी तिच्यावर पूर्वी काम केलेले ब्रिटिश नाविकही आले होते. एकाच पोलादी डेकवर दोन देशांच्या नौदलांतील माणसे आपापल्या आठवणी सांगत होती. नौकेचे वस्तुसंग्रहालय करून तिला सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ ठेवण्याच्या प्रस्तावास महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मान्यता दिली होती. ते घडले नाही आणि २०२० मध्ये ती अलंग येथे भंगारासाठी नेण्यात आली.

‘विक्रांत’ची कथा अशीच आहे. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती भारतीय नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली व ३१ जानेवारी १९९७ रोजी सेवामुक्त झाली. पुढे काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. त्या काळात तिच्या जुन्या नाविकांना आपल्या मुलाबाळांना घेऊन स्वतःची झोपण्याची जागा दाखविता येत असे. २०१४ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईच्या दारूखान्यात तोडण्यात आली. तिच्या पोलादाचा काही भाग वितळवून एका मोटारसायकलीच्या निर्मितीत वापरण्यात आला. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ दाखल झाली. त्याच दिवशी शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेल्या अष्टकोनी चिन्हाचा नवा नौदल ध्वज स्वीकारण्यात आला. नौदलात नाव पुढच्या नौकेस देण्याची परंपरा असल्याने जुन्या नाविकांना नव्या नौकेशी नाते सांगता येते. परंतु जुन्या नौकेचा वास, तिची शिडी आणि तिचा आवाज नव्या नौकेस मिळत नाही, अशी खंत वृद्ध नाविकांच्या बोलण्यात येते.

याहून सुदैवी ठरली क्रूझर ‘दिल्ली’. मूळची ‘अकिलीझ’ ही नौका न्यूझीलंडच्या नाविकांनी डिसेंबर १९३९ मधील रिव्हर प्लेटच्या लढाईत चालविली होती. १९४८ मध्ये ती भारताने घेतली आणि १९५६ च्या त्या लढाईवरील इंग्रजी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली! १९७८ मध्ये ती सेवामुक्त झाल्यावर तिचा एक तोफमनोरा न्यूझीलंडला भेट देण्यात आला. तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर आहे. तिचा एक अवयव तरी तिच्या पहिल्या नाविकांच्या देशात उभा राहिला.

‘खुकरी’ : ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने टॉर्पीडो सोडून ‘खुकरी’ ही फ्रिगेट बुडविली. काही मिनिटांत नौका गेली. १८ अधिकारी व १७६ नाविक असे एकूण १९४ जण मृत्युमुखी पडले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले. वाचलेल्यांची संख्या साठ-सत्तरच्या आत-बाहेर होती. स्वतंत्र भारताच्या नौदलाने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका होय.

दीव येथे समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’चे स्मारक उभारण्यात आले, त्याचे उद्घाटन डिसेंबर १९९९ मध्ये झाले. तेथे काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती ठेवलेली आहे. अशा ठिकाणी भरणारा मेळावा इतर मेळाव्यांसारखा नसतो. येथे सहनाविक थोडे आणि कुटुंबीय अधिक असतात. मृतांपैकी बहुतेकांचे देह मिळाले नाहीत. त्यामुळे घरी जो विधी झाला तो देहावाचून झाला. ज्या पाण्यात तो माणूस राहिला ते पाणी दुरून पाहणे, हाच अनेकांच्या दृष्टीने खरा अंत्यविधी ठरतो. वाचलेल्या नाविकाची स्थिती अवघड असते. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध स्त्रीस तो तिच्या मुलाविषयी वा पतीविषयी काय सांगणार? त्याने शेवटचे त्याला कोठे पाहिले, हे त्याला माहीत असते. आणि तेच ऐकण्यासाठी ती आलेली असते. मेळाव्याचे मोल येथे करमणुकीत वा स्मरणरंजनात शोधू नये.

याच नावाची दुसरी ‘खुकरी’ मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि २३ ऑगस्ट १९८९ रोजी नौदलात दाखल झाली. २३ डिसेंबर २०२१ रोजी ती सेवामुक्त झाली व जानेवारी २०२२ मध्ये संग्रहालय करण्यासाठी दीवच्या प्रशासनाकडे सोपविण्यात आली. पहिली जेथून जवळच्या समुद्रात बुडाली, तेथेच दुसरी कायमची विसावली.

मेळावा नसलेले नाविक : १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रावर निकृष्ट अन्न व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध नाविकांनी संप पुकारला आणि दोन दिवसांत तो मुंबई, कराची व इतर बंदरांतील बहुसंख्य नौकांवर पसरला. मध्यवर्ती संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान व उपाध्यक्ष मदनसिंग होते. २३ फेब्रुवारीस संप मागे घेण्यात आला. त्यानंतर चारशेहून अधिक नाविकांना काढून टाकण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना भारताच्या वा पाकिस्तानच्या नौदलात परत घेतले गेले नाही. या माणसांना नौकेच्या वर्धापनदिनास बोलावणारे कोणी नव्हते. समितीतले सहकारी फाळणीमुळे दोन देशांत वाटले गेले. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता पुष्कळ उशिरा मिळाली आणि मुंबईत कुलाब्यास उठावाचे स्मारक झाले ते २००१ मध्ये. नौदलाने आपल्या दोन ओढनौकांना मदनसिंग व बी. सी. दत्त यांची नावे दिली, हे नमूद करण्याजोगे आहे. परंतु ज्यांच्यासाठी मेळावा भरवायचा, त्यांतील बहुतेक तोवर हयात नव्हते.

परदेशांतील मेळावे : ब्रिटनमध्ये नौकावार संघटनांची परंपरा जुनी आहे. २४ मे १९४१ रोजी बुडालेल्या ‘हूड’वरील १,४१८ जणांपैकी तिघेच वाचले. तिची संघटना १९७५ मध्ये स्थापन झाली व वाचलेल्यांपैकी टेड ब्रिग्ज तिचे पहिले अध्यक्ष झाले. २००८ मध्ये ब्रिग्ज निधन पावले. त्यांच्यानंतर वाचलेला कोणी उरला नाही, तरी नातेवाइकांनी संघटना चालू ठेवली आहे.

मेळावा केवढे कार्य करू शकतो याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या ‘इंडियानापोलिस’ या क्रूझरचे आहे. ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने ती बुडविली. तिच्यावर १,१९५ जण होते. सुमारे तीनशे नौकेबरोबर गेले. उरलेले चार दिवस उघड्या समुद्रात तरंगत राहिले, कारण नौका पोचली नाही हे कोणाच्या लक्षातच आले नाही. शेवटी ३१६ वाचले. कप्तान चार्ल्स मॅक्व्हे यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरून नागमोडी मार्ग न धरल्याबद्दल त्यांना दोषी ठरविण्यात आले. १९६० मध्ये वाचलेल्यांनी पहिला मेळावा भरविला आणि मॅक्व्हे यांना बोलावले. ते आले. नाविकांनी त्यांना दोष दिला नाही. उलट त्यांचा कलंक धुऊन काढण्याचे काम हाती घेतले. मॅक्व्हे यांनी १९६८ मध्ये आत्महत्या केली, तरी मेळावे चालू राहिले व दर वेळी तोच ठराव होत गेला. ‘इंडियानापोलिस’ बुडविणाऱ्या पाणबुडीचा कप्तान मोचित्सुरा हाशिमोतो यानेही मॅक्व्हे यांच्या बाजूने पत्र लिहिले. २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांना दोषमुक्त ठरविणारा ठराव केला. पंचावन्न वर्षे हे प्रकरण जिवंत राहिले, ते कोणा वकिलामुळे वा इतिहासकारामुळे नव्हे, तर माणसे भेटत राहिली म्हणून.

निवृत्तिवेतन व ग्रामीण नाविक : भारतातील मेळाव्यांना इतके नाट्यमय कार्य सहसा करावे लागत नाही, पण कागदपत्रांचे काम पुष्कळ करावे लागते. पूर्वी नाविकास दहा वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि दहा वर्षे राखीव सेवा अशा अटीवर घेत. ३ जुलै १९७६ पासून राखीव दलात वर्ग करणे बंद झाले. त्यामुळे ज्यांची दहा वर्षे त्यानंतर संपली त्यांना ना पुढची राखीव सेवा मिळाली, ना तिचे निवृत्तिवेतन. हा वाद न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०१६ मध्ये राखीव सेवेच्या निवृत्तिवेतनाची मागणी अमान्य केली, मात्र अशा नाविकांना विशेष निवृत्तिवेतनाचा हक्क असल्याचे मान्य केले. तोपर्यंत अनेक जण सत्तरीच्या घरात पोचले होते. निकाल लागला ही बातमी शहरातल्या नाविकास वर्तमानपत्रातून कळते. वेल्ह्याच्या डोंगरवाडीत राहणाऱ्यास ती कळवावी लागते.

नाविकांचे सेवाभिलेख व निवृत्तिवेतनाचे काम मुंबईत मानखुर्द येथे चालते. सैनिक कल्याण विभागाचे कार्यालय पुण्यास आहे. माजी सैनिकांसाठी २००३ मध्ये सुरू झालेल्या अंशदायी आरोग्ययोजनेची मोठी रुग्णालयेही शहरांत आहेत. भोरहून पुण्यास जाणे हा वृद्धास एका दिवसाचा प्रवास होतो. नाविकाच्या मृत्यूनंतर अडचण वाढते. विधवेचे नाव सेवाभिलेखात माहेरचे लागलेले असते, आधारपत्रावर सासरचे. कधी विवाहाची नोंदच केलेली नसते. आपल्या पतीचा सेवाक्रमांक तिला ठाऊक नसतो, आणि ज्या ट्रंकेत सेवापुस्तिका होती ती ट्रंक पावसात भिजून गेलेली असते. अशा वेळी त्याच नौकेवर असलेला, त्याच्या लग्नास गेलेला किंवा त्याच्या रजेचा अर्ज स्वतः लिहून दिलेला सहनाविक उपयोगी पडतो. तो क्रमांक आठवून सांगतो, अर्ज भरून देतो, ओळख पटविण्यास साक्षीदार होतो. मेळाव्याच्या यादीत निधन पावलेल्याच्या नावापुढे पत्नीचे नाव व गाव लिहून ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी याच कारणाने पडली. ती सर्वत्र पडावी अशी आहे. दरवर्षी द्यावयाच्या हयातीच्या दाखल्याची आठवणही मेळाव्यातच केली जाते.

उणिवाही आहेत. भोजनाच्या वर्गणीमुळे अल्प निवृत्तिवेतन असलेला नाविक येण्याचे टाळतो व कारण सांगत नाही. शिस्तभंगाबद्दल काढून टाकलेल्यांना बोलवावे की नाही, यावर एकमत नसते. पत्नींना आमंत्रण असते, परंतु विधवांना ते पाठविण्याचे राहून जाते.

२०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेने नाविकाच्या सेवेचा कालावधी चार वर्षांवर आणला असून त्यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद आहे. नौदलातील अग्निवीरांची पहिली तुकडी मार्च २०२३ मध्ये ओडिशातील ‘आयएनएस चिल्का’ येथून बाहेर पडली. तिच्यात प्रथमच स्त्रियाही होत्या. प्रशिक्षणाचा काळ वगळता एवढ्या अवधीत बहुतेकांच्या वाट्यास एखाददुसरीच नौका येते. त्यांची यादी नौकेच्या नावाने न राहता चिल्क्याच्या तुकडीच्या नावाने केली जाईल, आणि त्या यादीवर पंचविशीही न गाठलेले माजी नाविक असतील.